तहहयात

“पण स्वामी, देऊन वर परत मागायचं, याला दान म्हणायचं का?”

रामलिंगअप्पा तोडकरांनी कागद पुढे सरकवला. चाळीस वर्षांचा तेलघाणा त्यांनी विकला होता. आलेला सगळा पैसा मठातल्या अंध मुलींच्या शाळेला द्यायचा; बदल्यात मठानं अप्पांना तहहयात दरमहा ठरावीक रक्कम पाठवायची. वकिलानं तसं लिहून दिलं होतं.

सिद्धय्या स्वामी मुलींच्या जेवणासाठी डाळ निवडत होते.

“पोटापुरतं घेण्यात लाज कसली?”

“मी आजवर कुणापुढं हात पसरला नाही.”

“मग बँकेत ठेवा. व्याजावर जगा. मागं उरेल ते शाळेला लिहून द्या.”

“बँक नको.”

“का?”

अप्पांनी कागद आणखी पुढे सरकवला.

स्वामींनी चष्मा लावून कागद वाचला.

“तहहयात. म्हणजे तुम्ही असेपर्यंत. तुम्ही गेलात, हे आम्हाला कळवणार कोण?”

“मुलगा...” अप्पांच्या तोंडून निघून गेलं.

बसवराजला जाऊन तीन वर्षं झाली होती. मोटारसायकलवरून येताना, गावच्या वेशीवरच. त्याच्या दुःखानं त्याची आईही वर्षभरात गेली.

“शेजारी कळवतील,” अप्पा म्हणाले.

“येतात ते घरी?”

“गेल्या श्रावणात तापानं पडून होतो. चार दिवस. पाचव्या दिवशी दूधवाल्यानं दार वाजवलं.” ते ओशाळं हसले. “त्याचं बिल राहिलं होतं.”

स्वामी हसले नाहीत. त्यांनी पेन घेतलं आणि कागदावरची एक ओळ खोडली.

“पैसे पाठवणार नाही. दर पौर्णिमेला इथं येऊन न्यायचे. मुलींच्या पंगतीत जेवायचं.”

अप्पांचा चेहरा लाल झाला.

“सगळं देऊन वर मी दर महिन्याला तुमच्या दारात उभं राहायचं? भिकाऱ्यासारखं?”

“हो.”

अप्पा उठले. दारापर्यंत गेले. पायात एक चप्पल घातली, दुसरी घालता घालता तिथंच खांबाला धरून उभे राहिले. खांदे हलत होते. स्वामींनी हाक मारली नाही.

बऱ्याच वेळानं अप्पांनी पाठमोऱ्यानंच विचारलं,

“आणि एखाद्या पौर्णिमेला... नाहीच आलो, तर?”

“त्या दिवशी आम्ही येऊ.”