नदीपलीकडची गाठ

बोरखळी गावाला नदीच्या अंगाने निरगुडीचं दाट कुंपण होतं आणि त्या कुंपणाच्या सावलीत महाराज बसत. त्यांचं मूळ नाव कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. लोक त्यांना निरगुडी महाराज म्हणत. गावात कुणी बाळंत झाली, की तिच्या आंघोळीच्या पाण्यात टाकायला निरगुडीचा पाला लागे. म्हणून जन्माची पहिली वर्दी महाराजांकडेच येई. पाला खुडून देताना ते एवढंच विचारीत, "आई बरी आहे ना?" मुलगा की मुलगी, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

याच गावात रखमाजी घोंगड्या विणायचा. त्याची बायको सगुणा रोज महाराजांची जागा झाडायची, एक घागर पाणी भरून ठेवायची. तिचं माहेर समोरच, पैलतीरी तरवडीला. एवढं जवळ, की तिथला कोंबडा आरवला तर इथं ऐकू यावा. पण ते दार तिला बंद झालं होतं.

झालं होतं असं. गेल्या श्रावणात तिची आई तान्हाई आजारी पडली. निरोप आला तेव्हा नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. नाव सुटेना. सगुणा तीन दिवस काठावर बसून राहिली. तिला नुकतेच दिवस गेले होते. ते तिनं घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. आधी आईच्या कानात सांगायचं, असं मनाशी धरलं होतं. चौथ्या दिवशी पाणी ओसरलं आणि पैलतीरी धूर दिसला.

धावत गेली तर वडील दारात आडवे उभे. उमाजी म्हणजे दोनशे मेंढरांचा धनी. लाल फेट्याचा तुरा आभाळाशी बोलायचा. तो म्हणाला, "बुवाच्या भजनात आई मेलेली कळली नाही तुला. जा, त्याचंच अंगण झाड. तुझं माहेर तुझ्या आईबरोबर गेलं."

तेव्हापासून उमाजी चार माणसांत महाराजांची टिंगल करी. "बायकांकडून झाडलोट करून घेतो, तो कसला साधू?" आणि जावयाची गोष्ट निघाली की म्हणे, "त्या घराचं दार एवढं बुटकं, की कोंबडंसुद्धा मान खाली घालून आत जातं. उमाजी कुठं वाकत नाही."

सगुणा उलटून बोलली नाही. जात्यावर मात्र ती ओवी म्हणे:

पैलतीरी दिसे बाई माझ्या माहेराचं दार
एका नावेचं अंतर, नाही कुणी नेणार

फाल्गुन गेला. चैत्रात नऊ महिने नऊ दिवस भरले. चैत्रही सरला. पाण्यावर आलेल्या बाया म्हणू लागल्या, "काय गं सगुणे, घोडीची दोरी ओलांडलीस की काय? घोडीसारखं वर्ष लावतेस!" ती हसे, आणि हसता हसता नदीपलीकडं बघे.

वैशाखात एकदाच्या कळा सुरू झाल्या. एक दिवस गेला, दुसरा गेला. बाळ काही येईना. सुईण चंद्राई जाणती बाई. ती म्हणाली, "घरातलं मिटलेलं सगळं उघडा." कणगीचं झाकण निघालं. पेटीचं कुलूप निघालं. सासूनं सगुणाची वेणी मोकळी केली, रखमाजीनं मागावरच्या सुताच्या गाठी सोडल्या. शेजाऱ्यांनी गोठ्यातली गुरंसुद्धा दाव्यातून मोकळी केली. तरी बाळ येईना. सगुणाचा आवाज बारीक होत चालला.

रखमाजी उन्हात अनवाणी धावत निरगुडीपाशी आला. "महाराज, सगळं सोडलं. आता काही बांधलेलं उरलं नाही."

महाराज म्हणाले, "एक गाठ उरलीय बाबा. ती तुझ्या घरात नाही." आणि ते उठले. ज्या नदीनं सगुणाला अडवलं होतं, तिच्यात आता घोटाभर पाणी होतं. तापल्या वाळूतून महाराज तरवडीला पोचले.

उमाजी ओसरीवर चिलीम ओढत बसला होता. "या बुवा. आज काय वाढू, जोंधळे की पीठ?"

"आज गाठ मागायला आलोय. तुझ्या पेटीच्या तळाशी तान्हाईचं हिरवं लुगडं आहे. त्याच्या पदराची."

चिलीम उमाजीच्या हातातच राहिली. ते लुगडं तान्हाईनं अखेरच्या घटकेला त्याच्या हाती दिलं होतं. 'सगुणीला पोचवा,' म्हणाली होती. घरात तेव्हा तिसरं माणूस नव्हतं. रागाच्या भरात त्याने ते पेटीत टाकलं, आणि ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.

तो पुटपुटला, "ती गाठ सुटत नाही. दातांनी ओढून पाहिली."

"लेकीचं नाव घे, मग सोड."

"ते नाव या घरात निघत नाही."

महाराज अंगणात भर उन्हात बसले. "मग मी थांबतो. तिकडं तुझी पोर दोन दिवस अडलीय. तान्हाई गेली तेव्हा ती तीन दिवस काठावर भिजत बसली होती, उमाजी. आम्ही पाळीपाळीनं तिच्या डोक्यावर घोंगडी धरली. ती भजनात नव्हती. तिचं तोंड तुझ्या दाराकडं होतं."

उमाजीनं चिलीम खाली ठेवली. मग आत गेला, लुगडं घेऊन आला. "सगुणे," तो म्हणाला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. गाठीला नुसतं बोट लागलं, आणि ती उमलावी तशी उघडली.

आत वेखंडाचं कांड होतं आणि दोऱ्यात ओवलेले काळे मणी, तान्ह्या मनगटाला पुरतील एवढे.

कुणी सांगितलं नव्हतं. तरी आईला कळलं होतं.

त्याच वेळी, सावली पायाखाली आली असताना, पैलतीरी बाळानं पहिला टाहो फोडला. मुलगी झाली.

उमाजीनं लुगडं पुढं केलं. "तुम्हीच द्या, महाराज. मला तोंड नाही."

"तान्हाईनं तुझ्या हाती दिलं होतं, माझ्या नाही," म्हणत महाराज निघून गेले.

पुढचे दिवस कठीण गेले. बाळ रडून रडून निळं पडे. सगुणाला पान्हा फुटेना. मेथीची खीर झाली, निरगुडीच्या पाल्यानं शेकून झालं. तिचे डोळे दाराकडून हलत नव्हते. महाराज रोज स्वतः पाला आणून देत. सगुणा आतून विचारी, "महाराज, नदीत कुणी दिसलं का?" महाराज म्हणत, "वाळू तापलीय बाळ. चालणाऱ्याला वेळ लागतो."

पाचवा दिवस. पाचवीच्या पूजेचा पाटा मांडला होता. तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. दारापाशी उमाजी उभा होता, काखेत हिरवं लुगडं. चौकट खरोखरच बुटकी होती. त्याने फेटा काढून उंबऱ्याबाहेर ठेवला आणि वाकून आत आला.

"आबा," एवढंच सगुणा म्हणाली. त्याने लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते आधी नाकाशी धरलं. मग त्या मऊ जुनेरात बाळाला गुंडाळून छातीशी घेतलं, आणि पान्हा फुटला. बाळ गप्प झालं. घरात नुसता त्याचा दूध ओढण्याचा आवाज.

उमाजी बाहेर आला. अंगणात पाल्याची जुडी घेऊन महाराज उभे होते. त्याने उघडं डोकं त्यांच्या पायांवर ठेवलं. कितीतरी वेळ ते उचललं नाही.

महाराजांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "आई बरी आहे ना?"