मडकेमावशीचं विरजण

भांड्यांच्या त्या राज्यात दूध भरपूर होतं, दही मात्र सगळं एकाच विरजणाचं. ते विरजण एका धन्याने आणलं होतं. त्याच्या दोन्ही तळहातांवर जखमांचे व्रण होते. त्याच हातांनी त्याने मातीच्या पहिल्या मडक्यात चमचाभर दही घातलं आणि सांगितलं, "मी परत येईपर्यंत हे एकमेकांना देत राहा." तेव्हापासून सांज झाली की शेजारी शेजाऱ्याकडे वाटी घेऊन जायचा. एकाचं विरजण बिघडलं, तर दुसऱ्याचं असायचंच.

राज्य होतं हंडेसाहेबांचं. तांब्याचं अंग, आणि चकाकी अशी की सूर्याने त्यात बघून भांग पाडावा. फक्त आतली कल्हई केव्हाच उडाली होती, म्हणून साहेब सदा झाकण लावून फिरत. दह्याचा एक शिंतोडा आत गेला की हिरवा डाग उठायचा. शेवटी एका सकाळी दवंडी पिटली गेली: यापुढे राज्यात आंबट म्हणून काही राहणार नाही.

पितळी परातबाई काथ्या, राख आणि चिंच घेऊन घरोघर हिंडू लागल्या. आंबट घालवायला चिंच कशाला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

चिनी बरणी ही मडकेमावशीची शेजारीण. दोघींची वाटी रोज इकडून तिकडे जायची. पण परातबाईंनी डोळे वटारताच बरणी म्हणाली, "दही? अगं बाई, मी कुठे ओळखते त्याला!" ती एका पाण्यात लख्ख झाली, आणि मग दाराआड बसून हुंदके देत राहिली.

धन्याचं ते पहिलं मडकं म्हणजे हीच मडकेमावशी: बुटकी, ढेरपोटी, काठाचा टवका उडालेली.

"मावशी, म्हणून टाका नि मोकळ्या व्हा," परातबाई म्हणाल्या. "एका वाक्याचं तर काम आहे."

"म्हटलं असतं हो. पण ज्याच्या जिवावर पोट एवढं सुटलं, त्याला ओळखत नाही म्हटलं, तर हे पोटच खो खो हसेल."

मग घासणं सुरू झालं. तांब्यापितळेच्या राज्यात स्वच्छतेची खूण एकच, चकाकी. मावशी काही चकाकेना, म्हणून परातबाई घासतच राहिल्या. काथ्याचे सात पुंजके संपले, त्यांचीच कड झिजली. अखेर मावशीचं दूध तोडलं आणि तिला वेशीच्या भिंतीवर उन्हात ठेवलं. ऊन असं, की सावल्यासुद्धा छत्री घेतल्याशिवाय बाहेर पडत नसत.

महिना गेला. मावशी रोज स्वतःच्या आत वाकून बघायची. ना ओल, ना वास.

"धनी," ती पुटपुटली, "एवढं सोसलं, पण तू आलास तर दाखवायला माझ्यात कणभर नाही रे."

भिंतीखाली बरणी आली, मान खाली घालून.

"मावशी, ते वाक्य अजून नाही ना म्हणालीस?"

"नाही गं. आत काही सापडत नाही. पण त्याचा हात इथे लागला होता, हे खोटं कसं म्हणू? वाटी आणलीस?"

"आणली. पण मागू कुठल्या तोंडाने?"

"एकच तर तोंड दिलंय तुला कुंभाराने, त्यानेच माग की." मावशी हसली, मग तिने पुन्हा एकदा स्वतःच्या आत वाकून पाहिलं. "फक्त आज माझ्याकडेच काही नाही, बाळे."

हे बोलणं हंडेसाहेबांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी परातबाईंनी मावशीला भिंतीवरून ढकललं. खापऱ्या लांबवर उडाल्या. साहेबांनी त्या एकूण एक वेचायला लावल्या.

"प्रत्येक भांड्याच्या पोटात एकेक टाका," ते गरजले. "आणि कुणी बाहेर काढायची नाही! पुन्हा दह्याचं नाव ओठावर आलं, तर ही टोचली पाहिजे."

हुकूम अगदी काटेकोर पाळला गेला. एकही घर सुटलं नाही. बरणीने आपली खापरी कुशीला लावून घेतली. सांजेला नेहमीसारखं कोमट दूध आलं आणि घरोघर त्या खापऱ्यांवर ओतलं गेलं.

सकाळी बरणीने दूध ओतायला अंग कलतं केलं. दूध हललं नाही.

तेवढ्यात पलीकडच्या दारात कुणाची तरी वाटी वाजली.