नजर टिपायची लेन्स

"मग यातली कुठली ठेवू, उस्ताद?"

हेरंबने तीन जुन्या लेन्स चटईवर मांडल्या होत्या. एक जर्मन, एक जपानी, एक रशियन. तिन्ही त्याच्या जन्माच्या आधीच्या, हाताने रिंग फिरवून फोकस करायच्या. गळ्यात मात्र नवाकोरा डिजिटल कॅमेरा. जुनी लेन्स त्यावर बसावी म्हणून लागणारी कडीही त्याने मागवून घेतली होती.

मुनीर उस्तादांनी मिरजेत जन्मभर फोटो काढले. आता, बायको गेल्यावर, दुकान पुतण्याकडे सोपवून ते घराच्या ओसरीवर बसून असतात. हेरंब त्यांचाच शागीर्द. पुढे पुण्याला गेला, नाव कमावले, बक्षिसे मिळवली आणि ती मिळाल्याचे कुणाला विसरू दिले नाही.

"कुणाचा फोटो काढायचाय?" उस्तादांनी विचारले.

"आईचा."

त्याने सोबत आणलेली आई ओसरीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसली होती. तिचे विसरणे वाढत चालले होते. राहते घर विसरली, सुनेला विसरली. मुलाला अजून ओळखायची... अधूनमधून.

"ओळखते तेव्हा तिचा चेहरा उजळतो, उस्ताद. तेवढा एक फोटो हवाय मला. डॉक्टर म्हणतात, हेही फार दिवस राहणार नाही."

"नव्या लेन्सनं काढ की. ती म्हणे आपणहून डोळे शोधते."

"काढले. ढीगभर काढले. केस न् केस स्वच्छ येतो, ती नजर तेवढी येत नाही. नव्या काचेत जीवच नसतो."

उस्तादांनी हातानेच 'काढ बघू' अशी खूण केली.

हेरंबने जर्मन लेन्स चढवली आणि आईसमोर जाऊन उभा राहिला. तिने वर पाहिले.

"हेरू? कधी आलास रे?"

चेहरा उजळला. हेरंबने लगबगीने कॅमेरा डोळ्याला लावला, रिंग फिरवली, थोडी पुढे, थोडी मागे. फोकस जुळला तोवर आईने पदर सावरून मान खाली घातली होती.

"बघा, जर्मनमध्येही नाही," तो म्हणाला.

मग जपानी. त्याला पाहून आई म्हणाली, "जेवलास का?" कॅमेरा वर गेला आणि ती पुन्हा गप्प झाली.

"हिचे रंग फिके आहेत," हेरंब म्हणाला. "रशियन बघा आता. मागचं सगळं कसं विरघळून जातं हिच्यात..."

लेन्सवर बोलायला लागला की त्याला धरबंध नसे. बोलता बोलताच त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

आई उस्तादांकडे वळली आणि हळूच म्हणाली, "ते गृहस्थ कोण आहेत हो?"

हेरंबचे बोट रिंगवर थांबले.

उस्ताद उठले. जवळ आले आणि त्याच्या चेहऱ्यासमोरचा कॅमेरा त्यांनी हाताने खाली केला.

आई पाहत राहिली...

"अरे, हेरू. किती वाळलास."

हेरंबचा हात सवयीने कॅमेऱ्याकडे गेला. उस्तादांनी तो धरून ठेवला.

मग त्याला कळले. तो आईच्या पायाशी बसला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत होती आणि त्याला रडू आवरत नव्हते.

"म्हणजे इतके दिवस ती मला ओळखत होती," तो म्हणाला. "आणि मी दर वेळी तोंड झाकून घेत होतो."

त्याने डोळे पुसले आणि कॅमेरा पुन्हा हातात घेतला.

"कॅमेरा छातीशी धरून काढतो, उस्ताद. मागे स्क्रीन आहे."

"मग तू स्क्रीनकडे बघशील."

"मग काढूच नको का? उद्या ती मला विसरली, परवा गेली... माझ्याकडे काय राहील?"

उस्ताद आपल्या जागेवर जाऊन बसले. चटईवरची एक लेन्स त्यांनी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"तुम्ही चाचींचे पेटीभर फोटो काढलेत," हेरंब म्हणाला. "त्या गेल्या, तेव्हा तुम्हाला त्या फोटोंचाच आधार झाला ना?"



"रोज पेटीतून काढून बघतो," उस्ताद म्हणाले. "सगळ्या फोटोंत ती कॅमेऱ्याकडे बघतेय. माझ्याकडे बघताना कशी दिसायची, ते आता आठवत नाही रे."