गेंदाक्कानं सोडवलेली नाडी

फार फार वर्षांपूर्वी गिरणेकाठच्या चिंचखेड्यात म्हातारे पुष्कळ होते आणि गप्प बसणारा त्यांत एकही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात गेंदाक्का नावाची वैदीण होती. मनगटावर बोट ठेवलं की काल काय खाल्लं तेही ती सांगायची, असं म्हणतात.

एकदा चार वर्षांची ठकू चिंचेच्या खालच्या फांदीवरून पडली आणि तिचं कोपर मोडलं. गेंदाक्का शेतातून येईपर्यंत म्हाताऱ्यांनी तो हात मुडपून, बांबूच्या कामट्या लावून पट्टीनं गच्च आवळून टाकला होता. ठकूची बोटं पांढरीफटक पडली होती, गारठली होती. गेंदाक्कानं चांगल्या हाताचं मनगट धरलं, तर नाडी टणटण उडत होती. मोडक्या हाताचं धरलं, तर काहीच नाही. कोपरातली धमनी दबली होती. आणखी वेळ गेला असता, तर हात शेंगेसारखा वाळला असता.

"नाडी लागत नाही!" ती ओरडली.

म्हाताऱ्यांतल्या धर्माजीतात्यांनी घाईघाईनं आपली विजार चाचपली. "माझी आहे गं जागेवर."

"तात्या, पोरीची!"

"मग परकराची तुटली असेल पडताना."

गेंदाक्कानं कपाळ बडवलं आणि पट्टी सोडायला घेतली. तात्यांनी दुसऱ्या टोकानं ती पुन्हा आवळली. "सैल सोडलं तर हाड सरकतं! आमच्या आज्याला असंच बांधलं होतं."

"म्हणून तर तो जन्मभर डाव्या हातानं जेवला!"

ती सोडायची, म्हातारे आवळायचे. ठकूची आई रडून रडून थकली. शेवटी गेंदाक्का कडाडली, "पोरीची नाडी सुटायला हवी ना? मग वडीलधाऱ्यांनी आधी आपापल्या नाड्या सोडा!"

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. मग नाड्या सुटल्या, आणि सगळ्यांचे दोन्ही हात विजारी सावरण्यात अडकले.

गेंदाक्कानं कामट्या काढल्या, कोपर हळूच थोडं सरळ केलं, हलकेच ओढून धरलं. एक ठोका लागला. मग दुसरा. मग नाडी अशी धडधडली की देवळातली घंटा आपोआप वाजली, असं म्हणतात. ठकूची बोटं गुलाबी झाली.

"आता बांधू का?" तात्यांनी विचारलं.

"धरून ठेवा!"

आजही चिंचखेड्यात पोर पडलं की आधी त्याची दोन्ही मनगटं धरून बघतात, आणि मग त्याला गाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेतात. गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत गावातला सगळ्यात म्हातारा माणूस गेंदाक्काच्या नावानं नाडी सोडून, दोन्ही हातांनी विजार धरून पारावर उभा राहतो. तोंड मात्र त्याचं चालूच असतं. त्यावर गेंदाक्कालाही उपाय सापडला नव्हता, असं म्हणतात.