बेवारस कुत्र्याचा वारस

माझी रेवाताई तापानं गेली. तिच्या निवाऱ्यातली आंधळी-लंगडी कुत्री आता माझ्या तोंडाकडे बघतात. अशा निवाऱ्यांना सरकारनं जागा आणि डॉक्टर द्यावा, असा कायदा व्हावा म्हणून ताई धडपडत होती. त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला आमदारांची समिती वाशीमला आली. शिपायानं ताईचं नाव पुकारलं आणि "मी तिचा भाऊ" म्हणत मीच उभा राहिलो.

अध्यक्ष भाऊसाहेब निंबोरे खुर्चीत रेलून म्हणाले, "बहिणीनं पाठवलं होय? ही कुत्री कुणाची रे?"

"कुणाचीच नाहीत साहेब. बेवारस आहेत."

"मग सरकारचा काय संबंध? तिनं हौसेनं गोळा केली, तिनंच सांभाळावी!"

सगळे हसले. 'हौस' ऐकून माझं डोकंच फिरलं.

"साहेब, आमच्या शेजाऱ्याला विहीर खणताना मोहरांचा हंडा सापडला. तुमची माणसं त्याच दिवशी घेऊन गेली. म्हणाली, बेवारस माल सरकारचा. ओढ्याकाठची बेवारस जमीनही सरकारचीच झाली. मग बेवारस कुत्रंच तेवढं माझ्या ताईचं कसं?"

हसू थांबलं. निंबोरे सरळ होऊन बसले, आणि शेजारच्या सचिवांना म्हणाले, "याचा मुद्दा खरा आहे. कायदा व्हावा, अशी शिफारस लिहा."

मग माझ्याकडे वळून ते हसत म्हणाले, "बहिणीला सांग, तिचं म्हणणं पोचलं."

"सांगतो," म्हणालो आणि घाईनं बाहेर पडलो. कुत्र्यांच्या जेवणाची वेळ झाली होती.