एक्केचाळीस पोचलेल्या नोटिसा

“...मग सही करायला माझा हात का धजत नाही, बाबा?”

डोमाजी बाबा मठाच्या ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशावर सही?”

विचारणारा शिरीष रत्नपारखी म्हणजे जिल्ह्यातल्या होड्यांच्या परवान्यांचा अधिकारी. वैनगंगेवर माणसं पार नेणारी प्रत्येक होडी त्याच्या परवान्यावर चाले. परवाने कागदावरून संगणकावर त्यानेच आणले होते, चिरीमिरी बंद केली होती, आणि त्याचा त्याला अभिमान होता. चारचौघांना दिसेल इतका होता. दर सोमवारी तो बाबांच्या पायाशी येऊन बसे, पण बसताना विजारीची इस्त्री सांभाळून बसे.

“पलीकडच्या ढीवरवाडीच्या एक्केचाळीस होड्या,” तो म्हणाला. “सगळ्या अर्जांवर एकच मोबाइल नंबर. म्हणजे मालक एकच, बाकी चाळीस नावं बोगस. सिस्टीमने पकडलं आणि परवाने रोखले. आठ दिवस होड्या बंद आहेत. आज सहाच्या आत मी सही केली की कायमचे रद्द.”

“मंग लोक पार कसे जाते?”

“पूल आहे ना. बावीस किलोमीटरवर.”

बाबांनी एक किडकं पान बाजूला टाकलं.

“त्यायले विचारलं?”

“म्हणजे काय! ऐकून घेतल्याशिवाय कुणाचा परवाना रद्द करता येत नाही, कायदाच आहे तसा. प्रत्येकाला नोटीस गेली. प्रत्येकीपुढे ‘पोचली’ अशी हिरवी खूण आहे. सात दिवसांची मुदत दिली. एकानेही तोंड उघडलं नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!”

“पोचली कुठं?”

“त्याच नंबरवर.”

“तू लावून पाह्यला थो नंबर?”

शिरीषला हसू आलं. “बाबा, अधिकाऱ्याने असे फोन लावायचे नसतात. मग ओळखीपाळखी निघतात, रदबदल्या सुरू होतात. सिस्टीम कुणालाच ओळखत नाही, हेच तर तिचं...”

“लाव.”

गुरूचा शब्द. शिरीषने मोबाइल काढला, यादी उघडली आणि नंबर लावला. पलीकडच्या लबाडाला चांगलं फैलावर घ्यायचं, असं ठरवूनच लावला.

आत, देवाच्या कोनाड्यात, तेलाच्या बुधलीमागे एक फोन वाजू लागला.

शिरीषने तोडला. वाजणं थांबलं.

पुन्हा लावला...

पुन्हा वाजलं. बाबांकडे फोन आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

“मागच्या हप्त्यात लय टुंगटुंग करत होता,” बाबा म्हणाले. “मले वाटलं, कंपनीवाल्यायची जाहिरात आहे. इंग्रजीत होती.”

“पण तुमचा नंबर... सगळ्यांनी?”

“अर्ज भरणारा म्हणे, नंबर टाकल्याबिगर अर्ज पुढं सरकत नाही. त्यायचे फोन दर दोन महिन्यानं नदीत पडते. मठ काई नदीत पडत नाही. मले विचारलं, मी म्हटलं, टाका.”

शिरीषने खिसा चाचपला. डिजिटल सहीची बोटभर किल्ली अजून खिशातच होती. सहा वाजायला दोन तास होते.

त्याच्या छातीवरचा धोंडाच उतरला. आपण वाचलो, हे त्याला आधी वाटलं. ती एक्केचाळीस माणसं वाचली, हे त्यानंतर. या क्रमाची त्याला लाज वाटली, पण हायसं वाटलं ते वाटलंच.

“सही करत नाही,” तो म्हणाला. “पुन्हा सुनावणी लावतो. पण मग नोटीस... ती कुठे पाठवू?”

बाबा उठले. धोतरावरचा पाला झटकला. शिरीषच्या हातातला मोबाइल घेऊन त्यांनी भाजीच्या टोपलीत ठेवला आणि ते घाटाच्या पायऱ्यांकडे चालू लागले. शिरीष मागोमाग गेला.

पावसाळा सरून पात्र अरुंद झालं होतं. पलीकडच्या काठावर होड्या उपड्या पडल्या होत्या.

“हाक मार.”

“कुणाला?”

“यादी पाठ नाही तुले?”

पाठ होती. आठ दिवसांत तीच ती नावं वाचून झाली होती. पण मोठ्याने एकही उच्चारलं नव्हतं. पहिली हाक दबक्या आवाजातच निघाली. दुसरी त्याने तोंडाभोवती हात धरून मारली.

“कवडू डोंगरवाऽऽर!”

एका उपड्या होडीआडून एक म्हातारा माणूस उभा राहिला.

“जी!... कोण हाय जी?”

“परवाना अधिकारी!”

म्हाताऱ्याने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. मग पाण्यावरून आवाज आला.

“म्या काय केलं जी?”

आठ दिवसांत हा प्रश्न विचारायला या माणसाला कुणी सापडलंच नव्हतं.

“काही नाही!” तो ओरडला. “इकडे या! तुमचं ऐकायचं आहे!”

“होडी बंद केली हाय जी! येऊ कसा?”

शिरीषचा हात सवयीने खिशाकडे गेला. मोबाइल मठात होता, भाजीखाली.

“मी सांगतो, काढा होडी!” त्याने होता नव्हता तेवढा जोर लावला. “या!”

म्हाताऱ्याने होडी सुलटी केली. ती पाण्यात ढकलली तसा काठावर आणखी दोघेतिघे उभे राहून बघू लागले. वल्ह्याचा आवाज जवळ येऊ लागला, आणि शिरीष पायरीवर बसला. ओल्या पायरीवर, इस्त्रीच्या विजारीनिशी. त्याचा आवाज फाटला होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

“बाबा... अजून चाळीस आहेत.”

बाबा भाजीकडे परत निघाले होते.

“घसा बसला त मठात गूळ आहे.”