फादर लिगोरी आणि तोडलेला ताड

भाविकहो, तिवरबंदर हे आपल्या किनाऱ्यावरचं लहानसं कोळीगाव. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला टेकडी, आणि मध्ये बांबूंच्या वलांड्यांवर वाळणाऱ्या बोंबलांच्या वासात उभं असलेलं पवित्र मरियेचं देऊळ. ह्या देवळात फादर लिगोरींनी एकवीस वर्षं सेवा केली. आज तुम्ही त्यांच्या कबरीवर मनगटाएवढ्या जाड मेणबत्त्या लावता, चांदीच्या होड्या वाहता, फेस्ताच्या सणाला बँड आणता. लावा. आणा. पण फादर हयात होते तेव्हा ह्याच गावानं त्यांना किती पिडलं, तेही एकदा ऐकून घ्या.

फादर गोड बोलणारे नव्हते. तसबिरीत त्यांच्या ओठांवर जे हसू काढलंय, ते चित्रकाराच्या पदरचं आहे. क्रुसापाशी लादीनची प्रार्थना चालू असताना कुजबुजणाऱ्या होडीमालक नाखव्यांना ते मध्येच थांबवून विचारत, "मरियाबायची विनवणी चाललीय की बाजारात भाव ठरतोय?" रविवारी छाती बडवून "माझा अपराध, माझा अपराध" म्हणणारी माणसं सोमवारी शेजाऱ्याच्या जाळ्याची दोरी कापत, ह्याचा त्यांना मनापासून वैताग होता. हा वैताग ते देवालाही ऐकवत. देवळाची झाडलोट आणि घंटा पाहणाऱ्या जाकूनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. फादर वेदीपुढे गुडघ्यांवर होते आणि म्हणत होते, "प्रभू, तुला बारांत एक जुदास मिळाला. माझ्याकडे बाकंच्या बाकं भरलीत. बोल, काय करू ह्यांचं?"

अशा गावात सिमांव नावाचा एक खलाशी होता. स्वतःची होडी नाही, जाळं नाही. दुसऱ्याच्या होडीवर राबायचं आणि वाट्याला येईल ती मासळी घरी न्यायची. पण सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीनही वेळची प्रार्थना त्यानं कधी चुकवली नाही. समुद्रात लांबवर देवळाची घंटा ऐकू येत नाही. मग सिमांव सावलीकडे बघायचा. सावली पायाशी गोळा झाली की बारा वाजले. डोक्यावरची टोपी काढायची, दोन मिनिटं हात जोडायचे, पुन्हा दोर हातात घ्यायचा. बस. कुणाला शिकवायला गेला नाही, कुणावर डाफरला नाही.

तरी लोकांना ते खुपायचं. सर्वांत जास्त खुपायचं कैतान नाखव्याला. गावात तीन होड्या असलेला तो एकटाच. क्रुसाच्या सणाला चण्यांची हंडी त्याच्या घरून यायची, मिस्सेला पहिल्या बाकावर तोच बसायचा. सिमांव त्याच्याच होडीवर कामाला होता. सिमांवनं टोपी काढली की कैतान ओरडायचा, "अरे, बघा रे! पाद्रीबाबाची शेपूट हलायला लागली! सिमांव, मरियाबायला सांग, जरा दोर ओढायला ये म्हणावं!" बाकीचे खलाशी खदाखदा हसायचे. नाखवा हसला की हसावंच लागतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे डोल जाळं समुद्रात रोवलेल्या खुंटाला बांधतात. प्रत्येक घराची खुंटाची जागा ठरलेली, बापाकडून लेकाकडे आलेली. खुंटाचं डोकं पाण्याखाली असतं, वर काही दिसत नाही. मग भर समुद्रात आपली जागा ओळखायची कशी? किनाऱ्यावरच्या खुणांवरून. दुमिंग नावाच्या कोळ्याची जागा सगळ्या गावाला तोंडपाठ होती. उत्तरेला खडकाचं टोक जुन्या बुरुजाला लागलेलं दिसलं पाहिजे, आणि समोर देवळाच्या क्रुसाच्या बरोबर मागे टेकडीवरचा एकटा ताड उभा दिसला पाहिजे. दोन्ही जुळलं की खाली दुमिंगचा खुंट. बोंबील तिथे असा यायचा की जाळं फाटेल.

हा दुमिंग तापानं गेला. मागे राहिली त्याची बायको रेजिन आणि दोन लहान मुली. तिनं नवऱ्याची होडी दिराला चालवायला दिली आणि कसंबसं घर धरून ठेवलं. मग पावसाळा आला, होड्या ओढून वर ठेवल्या गेल्या. त्या पावसाळ्यात एका सकाळी लोकांनी पाहिलं तर टेकडीवरचा ताड नाही. बुंध्याचं थोटूक उरलेलं. "रात्री काय वारा होता!" कैतान म्हणाला. वारा होताही. कुणी वर चढून पाहिलं नाही. आपल्या लोकांना देव दाखवतो म्हणावं तर दहा कोस चालतील, पण दहा मिनिटं चढून एक बुंधा बघायचा म्हटलं की पाय दुखतात.

मरियेच्या सणानंतर होड्या पाण्यात गेल्या, आणि रेजिनच्या दिरानं परत येऊन सांगितलं, "वहिनी, आपल्या जागेवर कैतानचं जाळं लागलंय." कैतानला विचारलं तर तो म्हणाला, "ही माझीच जागा. तुमची त्या पलीकडे, खडकात. नाही पटत? दाखवा मग खुणा!" खूण कुठून दाखवणार? ताडच नव्हता.

गावकी बसली. पंच म्हणाले, साक्षीदार हवा, त्या जागेवर जाळं ओढलेला आणि घरचा नसलेला. दुमिंगच्या होडीवर पंधरा वर्षं राबलेला माणूस एकच होता, सिमांव. दुमिंग गेल्यावर तो कैतानच्या होडीवर लागला, आता त्याचीच भाकरी खात होता, आणि त्याची झोपडीही कैतानच्याच वाडीत होती.

कैताननं त्याला बोलावून घेतलं. "हे बघ सिमांव, रविवारी क्रुसावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, जागा नाखव्याची. नाहीतर सोमवारी झोपडीचं छप्पर उचलून न्यायचं. तुझ्या मरियाबायला विचार, कुठे राहायचं ते."

सिमांव शनिवारी सकाळी मिस्सेनंतर फादरांकडे गेला. फादर आवारात विहिरीचा दोर बदलत होते. सिमांवनं सगळं सांगितलं आणि विचारलं, "फादर, मी काय करू?"

फादर भडकले. "मला काय विचारतोस? काय करायचं ते तुला माहीत आहे. माहीत नसतं तर आला नसतास. तुला माझ्या तोंडून सूट हवीय. 'गरीब माणूस आहेस बाबा, बोल खोटं, नंतर कुमसारात पाप कबूल कर, मी क्षमा देतो,' असं म्हणू?"

"माझी पोरं आहेत, फादर."

"रेजिनलाही आहेत."

फादरांनी दोर टाकला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज जरा उतरला. "भीती वाटते ना? मलाही वाटते. ह्या गावातल्या निम्म्या घरांत शिरायची वाटते. भीती वाटली म्हणून प्रार्थना चुकवलीस का कधी?"

"नाही, फादर."

"मग झालं तर."

रविवारी क्रुसापाशी सारा गाव जमला. सिमांव पुढे आला. त्यानं क्रुसावर हात ठेवला आणि म्हणाला, "कैतान नाखव्याचं जाळं लागलंय ती जागा दुमिंगची. पंधरा वर्षं मी तिथे जाळं ओढलंय. माझ्या देवाची शपथ."

कुणी टाळी वाजवली नाही. रेजिन डोक्यावरचा पदर दातात धरून रडली. कैतान मात्र हसला. "वा! पाद्रीबाबानं पढवलेला पोपट बोलला! पंधरा वर्षं ओढलंयस ना जाळं? मग चल समुद्रात. सगळ्या गावासमोर दाखव ती जागा. क्रूस आणि ताड जुळवून दाखव!"

पंचांनी लगेच माना हलवल्या. धनवानाचं बोलणं पंचांना लवकर पटतं. ठरलं असं: उद्या सगळ्या होड्या जातील. सिमांवनं खुणा जुळवून जागा दाखवली तर ती रेजिनची. नाही दाखवली तर रेजिनचा हक्क संपला, आणि क्रुसावर खोटी शपथ घेतली म्हणून सिमांवनं गाव सोडायचं.

सिमांव परत फादरांच्या दारात. "फादर, ताडच नाही हो! दाखवू काय?"

"खरं बोललास ना?"

"बोललो."

"मग तुझं काम झालं. उद्या होडीत बस, आणि दुपारी रोजच्यासारखी प्रार्थना कर. रोजच्यासारखी, कळलं? संकट आहे म्हणून लांबवू नकोस."

"आणि ताड?"

"ताडाचं मी बघतो," फादर तुसडेपणानं म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

सोमवारी उन्हं वर आल्यावर अकरा होड्या शिडं सोडून निघाल्या. सिमांव रेजिनच्या होडीत बसला. इकडे फादर सकाळची मिस्सा आटोपून, पायांत काही न घालता, टेकडी चढायला लागले. जाकू मागे धावला. "फादर, छत्री तरी घ्या!" फादर मागे न बघता म्हणाले, "बारा वाजता घंटा वाजव. एवढं एक काम नीट कर." वर पोचल्यावर ते ताडाच्या थोटकावर चढून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. जाकूला खालून एवढंच दिसलं, काळा झगा आणि वर उचललेले हात.

समुद्रात खडकाचं टोक बुरुजाला लागलं. अर्धी खूण जुळली. पण त्या रेषेवर मागेपुढे कुठे थांबायचं, हे ताडाशिवाय कोण सांगणार? थेट कैतानच्या जाळ्याच्या तरंगांपाशी जाऊन थांबावं, तर पंच विचारणार, खूण कुठाय? होड्या कधी इकडे, कधी तिकडे. कैतान आपल्या होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, उभा राहून तमाशा बघितल्यासारखा बघत होता. "काय रे सिमांव, सापडली? का अजून वर चिठ्ठी गेली नाही?" हशा झाला. रेजिनच्या दिरानंही मान खाली घातली.

सिमांवनं पायाशी पाहिलं. सावली गोळा झाली होती. त्यानं टोपी काढली.

"बुडायला लागलाय आणि टोपी काढतोय!" कैतान ओरडला.

सिमांवनं डोळे मिटले, हात जोडले. दोन मिनिटं. जास्त नाही, कमी नाही. मग क्रुसाची खूण केली, टोपी घातली आणि किनाऱ्याकडे पाहिलं.

ताड उभा होता.

देवळाच्या मागे, टेकडीच्या माथ्यावर, पूर्वीइतकाच उंच, झावळ्या वाऱ्यावर हलताहेत. शेजारच्या होडीतला म्हातारा तांडेल किंचाळला, "अरे, ताड! ताड बघा!" अकरा होड्यांतल्या माणसांनी तो पाहिला. काही जण गुडघ्यांवर बसले. काय सांगावा तो देखावा, भाविकहो! आजा-पणजाच्या काळापासून ज्या झाडाकडे बघून घरी आले, ते झाड पुन्हा त्यांना बोलावत होतं.

आणि त्या गोंधळात कैतानचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "खोटं आहे! नाही तिथे ताड! मी तोडलाय तो! ह्या हातांनी तोडलाय, दोन रात्री कुऱ्हाड चालवलीय मी..."

मग त्याला कळलं आपण काय बोललो ते.

सिमांवनं सुकाणू वळवलं. खडक आणि बुरूज जुळलेले ठेवून तो सरकत गेला, आणि क्रुसाच्या बरोबर मागे ताड आला तिथे थांबला. होडीच्या काठाला कैतानच्याच जाळ्याचे लाकडी तरंग येऊन लागले.

आजही लोक मला विचारतात, ताड आला कुठून? देवदूतांनी आणला का? मला माहीत नाही, आणि खरं सांगू, हा प्रश्न ऐकून मला कंटाळा येतो. ताड उभा करणं देवाला काय जड आहे! गरिबाच्या तोंडून, छप्पर जाणार हे ठाऊक असताना, खरं बोलवून घेणं जड आहे. त्याला आधी तो माणूस राजी व्हावा लागतो. ती विनवणी कुणी करत नाही. होड्या मात्र चांदीच्या वाहता.

होड्या किनाऱ्याला लागल्या तसा कैतान उडी टाकून धावत सुटला. देवळामागून धापा टाकत टेकडी चढला. वर ताड नव्हता. थोटूक होतं, आणि त्यावर फादर. ओठ फुटलेले, मान उन्हानं भाजलेली, पायांच्या तळव्यांतून रक्त येत होतं, आणि हात तसेच वर. वर गेलेले हात त्यांना एकट्याला खाली घेता येईनात.

"आलास?" फादर म्हणाले. "दिसतंय, पाणी आणायचं सुचलं नाही. धर, मला उतरव."

कैताननं त्यांना उतरवलं आणि त्यांच्या रक्ताळलेल्या पायांवर डोकं ठेवून तो हमसून रडू लागला. "फादर, मला क्षमा करा. मी पापी आहे, फादर!"

"ते गावाला आज कळलं, मला आधीच माहीत होतं," फादर म्हणाले. "माझे पाय काय धरतोस? माझी जागा घेतलीस का तू? ऊठ. रेजिनकडे जा. तिथून सिमांवकडे. मग ये कुमसारला. आणि रडणं तिथे कर, इथे ऐकायला कुणी नाही."

रेजिन आपल्या अंगणात वलांडीवर बोंबील अडकवत होती. आजूबाजूच्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. पहिल्या बाकावर बसणारा कैतान नाखवा आला, टोपी काढली, आणि मासळीच्या पाण्यानं ओल्या झालेल्या त्या जमिनीवर गुडघे टेकून त्यानं तिच्यापुढे कपाळ टेकलं. "रेजिनबाय, मी चोर आहे. मी ताड तोडला. सिमांवचं छप्परही मी काढणार होतो."

रेजिननं हातातला बोंबील वलांडीवर अडकवला.

"ऊठ," ती म्हणाली. "उद्या भरतीच्या आत तुझं जाळं काढून ने. आणि सिमांवच्या घरी जाशील तेव्हा असाच जा, हातात टोपी घेऊन."

कैतान उठला, आणि टोपी हातात धरून सिमांवच्या झोपडीकडे चालू लागला.